माळ मोडला, कर्ब कुठे गेला?

प्रश्न : गवताचा जुना माळ आठ वर्षांपूर्वी मोडला. तिथे सोयाबीन-हरभरा घेतो. तेव्हा मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या मुळा-पाल्यातून आलेला कार्बन) ०.८० टक्के होता, आता ०.५५. दर वर्षी एकरी चार टन शेणखत टाकूनही असं का?

उत्तर : गेलेला कर्ब बहुतेक हवेत गेला. माळावर गवताची मुळं बारमाही असतात. दर वर्षी त्यांतली काही मरतात आणि जागेवरच कुजतात. त्यांचा कर्ब मातीच्या रवाळ कणांत, चिकणमातीला धरून बसतो. जिवाणूंना तिथवर सहज पोचता येत नाही. नांगराने ते कण फुटले, हवा शिरली, की जिवाणू या साठ्यावर तुटून पडतात आणि कर्बाचा कार्बन डायऑक्साइड होतो. उतार असेल तर वरची माती वाहून जाते, तिच्याबरोबरही कर्ब जातो.

आता शेणखत. एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ८०० टन भरते. कर्ब नुसता ०.१ टक्का वाढवायचा तर ८०० किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. चार टन ओलसर शेणखतात तो पाच-सहाशे किलो असेल, आणि त्यातलाही बराचसा वर्षभरात कुजून जातो. म्हणून माझा आग्रह आधी गळती थांबवण्याचा आहे. नांगरट कमी करा, धसकटं रानातच राहू द्या. उताराची पट्टी तर पुन्हा गवताला द्याच. ती मोडायलाच नको होती.

प्रश्न : आमच्या रानात चुनखडी भरपूर आहे. तोही कर्बच ना?

उत्तर : कर्बच, पण खनिज रूपातला. तो जिवाणूंचं खाद्य नाही. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ हाच आकडा पाहा.

प्रश्न : उसाचं पाचट जाळलं तर राखेतून पालाश मिळतोच की!

उत्तर : मिळतो. पण कर्ब आणि नत्र धुरात जातात. पाचट सरीत दाबा आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका. पाचटात नत्र फार कमी असतं. वरून दिलं नाही तर जिवाणू ते मातीतून ओढतात आणि खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडतो.

प्रश्न : विना नांगरणीने कर्ब नक्की वाढतो का?

उत्तर : वरच्या थरात बहुधा वाढतो. पण खालच्या थरात तो कधी कधी घटलेला असतो, कारण अवशेष खाली गाडले जात नाहीत. म्हणून ०-१५ आणि १५-३० सेंटिमीटरचे नमुने वेगळे काढा, दर वेळी त्याच महिन्यात, आणि त्याच प्रयोगशाळेत द्या.