डांबरी ड्राइव्हवेच्या भेगा भरायला काय वापरावं? बाटलीतलं फिलर, गरम डांबर, कोल्ड मिक्स की सिमेंट?

तुम्ही लिहिलंय की गेटपासून गॅरेजपर्यंत दोन लांब भेगा आहेत, साधारण बोटभर रुंद. गॅरेजच्या तोंडाशी बारीक भेगांची जाळी झालीय. घरात सिमेंटची अर्धी गोणी पडून आहे, ती वापरली तर चालेल का, असंही विचारलंय.

सिमेंट नको. मी ही चूक करून बसलोय. भेग भरली तेव्हा काम इतकं सफाईदार दिसलं की शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. पहिल्याच थंडीत सिमेंटची पट्टी दोन्ही कडांपासून सुटली आणि पुढे तुकड्यातुकड्यांनी निघाली. डांबर उन्हात मऊ होतं, पसरतं, थंडीत आकसतं. सिमेंटला ही लवचिकता नाही, आणि डांबराच्या तेलकट कडेला ते नीट धरतही नाही. मग त्या भेगेतून पाणी आधीसारखंच आत जातं, शिवाय सुटलेले तुकडे उकरून काढायचं काम वाढतं.

साहित्य निवडायच्या आधी फूटपट्टी घेऊन खाली बसा. माझा आडाखा असा. ३ मिमीपेक्षा बारीक केसासारख्या भेगा असतील तर वरून सीलकोट, म्हणजे सगळ्या पृष्ठभागावर मारायचा पातळ संरक्षक थर, मारला तरी भागतं. ३ ते १२ मिमीपर्यंत बाटलीतलं किंवा डब्यातलं ओतायचं फिलर, किंवा गरम करून भरायचं रबरयुक्त डांबर. त्याहून रुंद असेल तर नुसतं पातळ फिलर टिकत नाही. अडीच सेंमीच्या पुढे गेलं की ती भेग न समजता खड्डा समजा.

बाटलीतलं फिलर बहुतेक वेळा डांबराचं इमल्शन असतं, म्हणजे पाण्यात विखुरलेलं डांबर. पाणी उडून गेलं की ते खाली बसतं. म्हणून एकदा भरून, वाळू देऊन, पुन्हा एकदा भरावं लागतं. पहिल्या थरानंतर मधे खळगा दिसला की लोक मालाला नावं ठेवतात, पण तो त्याचा स्वभावच आहे. हवा १० अंश सेल्सिअसच्या वर हवी आणि पुढचे २४ तास पाऊस नको, नाहीतर इमल्शन वाहून जातं.

तुमच्या त्या दोन लांब भेगांसाठी मी गरम करायचंच साहित्य घेईन. अशा भेगा ऋतूप्रमाणे उघडतात-मिटतात आणि रबरयुक्त डांबर त्यांच्याबरोबर ताणलं जातं. मोठ्या कामाला ते खास भांड्यात साधारण १९० अंशांपर्यंत तापवतात. घरच्या कामाला दोरीच्या रूपात मिळतं. दोरी भेगेत दाबून बसवायची आणि गॅसच्या टॉर्चने वितळवायची. हातमोजे, बंद बूट आणि पूर्ण बाह्या यांत तडजोड नको, कारण वितळलेलं डांबर कातडीला चिकटून बसतं, झटकता येत नाही. भेग खोल असेल तर आधी कोरडी वाळू टाकून वरचा एखादा सेंटीमीटर मोकळा ठेवा, म्हणजे महागडा माल तळाशी गडप होणार नाही. वाळूऐवजी फोमची दोरी घालणार असाल तर उष्णता सोसणारीच घ्या. साधी पॉलिथिलीनची दोरी गरम डांबराखाली वितळते.

आणि काहीही घ्या, भेग साफ नसेल तर सगळं फुकट. गवत मुळासकट उपटा, तारेच्या ब्रशने कडा घासा, ब्लोअरने धूळ उडवा. इंजिन ऑइलचे डाग असतील तर आधी धुऊन काढा, तेलावर फिलर धरत नाही. गरम डांबर भरताना आत ओल राहिली तर तिची वाफ होते आणि बुडबुडे येतात. माझा निम्मा वेळ या साफसफाईतच जातो.

पिशवीतलं कोल्ड मिक्स, म्हणजे न तापवता वापरायचं डांबर-खडीचं मिश्रण, खड्ड्यांसाठी. त्यात खडी असते, ती बोटभर भेगेत शिरत नाही. ५ सेंमीच्या थरांनी भरा, प्रत्येक थर धुम्मसाने ठोका आणि शेवटचा थर जरासा उंच ठेवा. गाडीच्या चाकाखाली तो दबतो.

सीलकोट सगळ्यात शेवटी, भेगा भरून झाल्यावर. त्यात कोलटारचा (दगडी कोळशापासून निघणाऱ्या काळ्या द्रवाचा) आणि डांबरी इमल्शनचा असे दोन प्रकार येतात. कोलटार पेट्रोल-तेल जास्त सोसतो हे खरं, पण त्यात पीएएच नावाची घातक रसायनं कितीतरी जास्त असतात आणि झिजलेली धूळ पावसाच्या पाण्याबरोबर वाहत जाते. मी डांबरीच घेतो.

आता गॅरेजपुढची जाळी. मगरीच्या पाठीसारखे चौकोनी-बहुकोनी तुकडे दिसत असतील आणि पाय दिला की ते हलत असतील, तर खालचा खडी-मुरुमाचा पाया गेलाय. त्यावर बाटल्या ओतू नका. तेवढा भाग कापून काढायचा, पाया नव्याने ठोकायचा आणि मग डांबर घालायचं. पण त्याआधी छताचं पाणी नेमकं तिथेच तर पडत नाही ना, हे एकदा पावसात उभं राहून बघा. पडत असेल तर पन्हळाचं तोंड आधी वळवा, जाळीला हात नंतर लावा.