फोनसमोर कोणी बसायचे?

कोविडमुळे मार्च 2020 मध्ये बंद झालेल्या विशेष शाळांचे वर्ग 2021 मध्ये दुसरी लाट ओसरू लागली तरी भरले नव्हते. विशेष शिक्षक म्हणून मला त्या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे त्याच अडचणीविषयी होती. त्यांपैकी तीन प्रश्न निवडले असून, पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा असून त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. शाळेचा ऑनलाइन वर्ग रोज तासभर चालतो, पण तो दोन मिनिटांत उठतो, कानांवर हात ठेवतो, कधी फोन भिरकावून देतो. ‘बसायची सवय लावा’ असे बाई सांगतात. मी त्याला धरून बसवते आणि शेवटी दोघेही रडतो. काय करावे? (एक आई, सांगली)

उत्तर : ताई, धरून बसवणे आजपासूनच थांबवा. शाळेत तो ज्या आधारावर शिकत होता, ती ठरलेली सतरंजी, कामांचा ठरलेला क्रम आणि हाताला हात लावून दाखवणाऱ्या बाई, यांपैकी काहीही त्या पडद्यावर नाही. उलट एकाच वेळी दहाबारा चेहरे हलतात, कुणाच्या घरची कुकरची शिट्टी ऐकू येते, मध्येच आवाज तुटतो, आणि काल ज्या फोनवर गाणी लागत होती त्यावर आज गाणी का लागत नाहीत, हे त्याला कोणी समजावू शकत नाही. त्याने कानांवर हात ठेवणे हे त्याच्या परीने दिलेले स्पष्ट उत्तरच आहे.

केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (आताचे शिक्षण मंत्रालय) जुलै 2020 मध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी काढलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे सुचवली आहेत, तर पूर्व-प्राथमिकसाठी दिवसाकाठी 30 मिनिटांहून अधिक वेळ नको आणि तोही पालकांशी बोलण्यासाठी, असे म्हटले आहे. तुमच्या मुलाचे वय नऊ असले तरी त्याला लागू पडणारी सूचना ही दुसरी आहे, असे माझे मत आहे. म्हणून बाईंना विनंती करा की आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे त्यांनी तुमच्याशी बोलावे. त्या वेळी मुलगा समोर नसला तरी चालेल. त्यांनी एकच कौशल्य निवडावे, त्याचे टप्पे पाडून द्यावेत आणि पुढच्या बोलण्यात तुम्ही काय घडले ते सांगावे.

इलॅस्टिकची पँट घालण्याचे उदाहरण घेऊ. आपण सहसा पहिल्या टप्प्यापासून शिकवतो आणि मूल तिथेच कंटाळते. त्याऐवजी शेवटून सुरुवात करा. पँट तुम्हीच गुडघ्यांच्या वर आणून ठेवा आणि कमरेपर्यंत ओढण्याचे काम तेवढे त्याच्यावर सोपवा. ते त्याने केले की काम पूर्ण झाले आणि शाबासकीही लगेच मिळाली. हे न सांगता जमू लागले की पँट गुडघ्यांखाली सोडा, मग घोट्यांशी, आणि सर्वांत शेवटी पाय घालणे शिकवा. एखाद्या टप्प्यावर आठवडा लागेल, एखाद्यावर महिना.

त्याच्या दिवसाचा क्रमही त्याला डोळ्यांनी दिसायला हवा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी उत्तम. दात घासणे, नाश्ता, मटकी आणि चवळी वेगवेगळ्या वाट्यांत निवडणे, आंघोळ, अशी एकेका कामाची साधी चित्रे काढून ती भिंतीवर ओळीने लावा, आणि काम झाले की ते चित्र त्यानेच काढून डब्यात टाकावे.

आणखी एक. शाळेच्या गटावर रोज ‘उपक्रमाचा व्हिडिओ’ टाकण्याचा आग्रह असेल, तर आठवड्यातून एकच पाठवीन, असे नम्रपणे पण ठामपणे सांगा. व्हिडिओसाठी करवून घेतलेली कृती ही बहुधा आईची कृती असते, हे आम्हा विशेष शिक्षकांना चांगले ठाऊक आहे.

प्रश्न : नात चौथीत आहे, श्रवणयंत्र वापरते. ऑनलाइन वर्गात तिला काहीच कळत नाही, पण विचारले की मान डोलावते. (एक आजोबा, पुणे)

उत्तर : ती निम्मे कानांनी आणि निम्मे ओठांवरून समजून घेते. नेटवर्क अडखळले की चित्र आणि आवाज यांची जोडी तुटते, आणि मुळात ‘पान’ व ‘मान’ ओठांवर सारखेच दिसत असल्याने तिला अंदाजाचाही आधार राहत नाही. शिक्षकांना तीन गोष्टी सांगा : ओठ स्पष्ट दिसावेत म्हणून खिडकी पाठीमागे न ठेवता समोर ठेवून बसावे, धड्यातील नवे शब्द आदल्या दिवशी लिहून पाठवावेत, आणि शक्य असेल तिथे थेट वर्गाऐवजी आधी चित्रित केलेला पाठ द्यावा, म्हणजे तो थांबवून पुन्हा पाहता येतो. ‘कळले का?’ असे विचारू नका, ‘काय कळले?’ असे विचारा. ती खुणांची भाषा वापरत असेल, तर शालेय पाठ्यपुस्तके तयार करणारी राष्ट्रीय संस्था एनसीईआरटी आणि भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र यांच्यात पाठ्यपुस्तके भारतीय सांकेतिक भाषेत आणण्याचा करार ऑक्टोबर 2020 मध्ये झाला आहे. त्यातील साहित्य जसजसे येईल तसे शाळेकडे मागत राहा.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांसोबत शिकवण्याचे, काम करणारी विशेष शिक्षिका आहे. निम्म्याहून अधिक घरांत स्मार्टफोन नाही, पाड्यावर रेंज नाही, आणि वरिष्ठांना अहवाल मात्र व्हॉट्सॲपवर हवा असतो.

उत्तर : साधा फोन वापरा, आणि वडील शेतातून परततात ती वेळ ठरवून घ्या. एका फोनमध्ये एकच काम सांगा. घरी भिली किंवा पावरी बोलली जात असेल, तर मोठ्या भावंडाला मध्यस्थ करा. सूचना आईपर्यंत तिच्या भाषेत पोहोचतील. नियम पाळून गृहभेट शक्य असेल तेव्हा अंगणात बसा आणि काम स्वतः करून दाखवा, कारण मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलाला पाठीला कुठे टेकू द्यायचा हे फोनवर सांगून कळत नाही.

वरिष्ठांशी बोलताना दोन कायद्यांचा आधार घ्या. शिक्षण हक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षण निवडण्याचा हक्क दिला आहे, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 8 नुसार आपत्तीच्या काळात दिव्यांगांना समान संरक्षण मिळायला हवे. अहवालात कोणत्या मुलाने कोणता टप्पा ओलांडला, एवढेच लिहा. छायाचित्रे मागितली, तर आईच्या संमतीशिवाय पाठवू नका.