खाऱ्या पाण्याचा छोटा फिश टँक पहिल्यांदाच लावतोय. किती लिटरचा घेऊ? चौपाटीवरचं पाणी चालेल का?

60-80 लिटरचा घ्या, त्याहून लहान नको. पाणी थोडं असलं की खारेपणा आणि तापमान भराभर बदलतं, ते माशांना सोसत नाही.

मुंबईच्या चौपाटीवरचं पाणी अजिबात नको, त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मरीन सॉल्ट (फिश टँकसाठी मिळणारं समुद्री मीठ) विरघळवा (घरातलं मीठ चालत नाही) आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या साधनावर, घनता 1.025 आलीय का बघा. पुढे पाणी उडून जातं, मीठ मात्र टँकमध्येच राहतं. म्हणून काचेवर मार्करने खूण करा आणि पातळी उतरली की नुसतं आरओचं पाणी भरा, खारं नाही. नवशिक्यांचे बरेच मासे इथेच जातात.

मासे आणायची घाई करू नका, ही कळकळीची विनंती. दगड-वाळू टाकून, फिल्टर चालू ठेवून, चिमूटभर फिशफूड घालत राहा. घाणीतून तयार होणारे अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी असतात, ते संपवणारे जिवाणू तयार व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात. हे दोन्ही वाढून पुन्हा शून्यावर आले, की मगच क्लाउनफिशची जोडी आणा, तीही टँकमध्ये पैदास झालेली. ब्लू टँग मात्र नको, तो फूटभर वाढतो.

आणि किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.