बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला न्यायाधीश व्हायचंय

सप्रेम नमस्कार ताई,

तुमची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे एलएल.बी. करून न्यायाधीश व्हायचं म्हणतेय. तुम्ही तीन शंका लिहिल्यात: सायन्स वाया जाईल का, घरात कुणी वकील नसताना तिचा निभाव लागेल का, आणि न्यायाधीशाच्या परीक्षेआधी तीन वर्षं वकिलीची जी अट आलीय तिचं काय करायचं.

पहिल्या दोन शंकांवर फातिमा बीवींचं नाव पुरेसं आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या त्या पहिल्या महिला न्यायाधीश. जन्म १९२७चा, केरळातल्या पत्तनमतिट्टाचा. वडील सरकारी नोकरदार. बाईंनी आधी बी.एस्सी. केलं आणि मग तिरुवनंतपुरमला कायदा शिकल्या. तो आग्रह वडिलांचाच होता. त्रावणकोरमध्ये १९३७ साली अ‍ॅना चांडी मुन्सफ (खालच्या दिवाणी कोर्टाच्या न्यायाधीश) झाल्या होत्या, त्यांचं उदाहरण वडिलांच्या डोळ्यांसमोर होतं. बार कौन्सिलच्या परीक्षेत फातिमा बीवींनी सुवर्णपदक मिळवलं.

आता पुढचं जरा सावकाश वाचा, कारण बातम्यांत फक्त त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या ते १९८९ साल येतं. १९५०मध्ये सनद (वकिलीचा परवाना) घेतल्यावर त्या आठ वर्षं वकिली करत होत्या. मे १९५८मध्ये, एकतिसाव्या वर्षी, मुन्सफ झाल्या, म्हणजे अगदी तळाची पायरी. १९६८ला सबजज्ज, १९७२ला मुख्य न्यायदंडाधिकारी, १९७४ला जिल्हा व सत्र न्यायाधीश. मग आयकर अपील न्यायाधिकरण. उच्च न्यायालयात पोचल्या १९८३मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी. तिथून निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर काही महिन्यांनी, ६ ऑक्टोबर १९८९ला, सर्वोच्च न्यायालयात रुजू झाल्या. तिथं जेमतेम अडीच वर्षं मिळाली. मुलीला हे सगळं सांगा. लाल दिव्याच्या गाडीसाठी या वाटेला जाणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो.

तीन वर्षांची अट मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा लागू केली. घरच्या बजेटच्या दृष्टीनं ती जड आहे, हे मला मान्य आहे. तालुक्याच्या ठिकाणी ज्युनिअरला सीनिअर वकील देतात त्यात प्रवासखर्च निघाला तरी पुष्कळ. पण अट मला चुकीची वाटत नाही. उलटतपासणी कधी न पाहिलेल्या मुलानं कुणाचा जामीन ठरवावा, हे मलाही पटत नव्हतं. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क (त्यांचा कायदेविषयक मदतनीस) म्हणून केलेलं कामही अनुभवात धरलं जातं आणि तिथं मानधन मिळतं, तेव्हा त्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. हे नियम अधूनमधून बदलतात. शेवटचा शब्द त्या वर्षीच्या जाहिरातीचा.

वाट अशी: पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याची सीईटी, मग सनद, मग वकिली, मग एमपीएससीतर्फे होणारी दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी परीक्षा. पूर्व, मुख्य आणि मुलाखत. मराठी चांगली यावी लागते. तुमच्या लेकीला त्याचा फायदाच आहे. निवड झाल्यावर बदल्या होत राहतात, घर आज इथं तर काही वर्षांनी तिथं. लग्नाची बोलणी सुरू होतील तेव्हा हे लपवू नका.

क्लासची फी आत्ता भरू नका. एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा (आताचा भारतीय साक्ष्य अधिनियम) मूळ पुस्तकातून वाचायची सवय लागली, तर क्लास लागेल की नाही हे तिचं तिलाच कळेल.

त्याआधी, सीईटीच्या फॉर्मची मुदत संपण्यापूर्वी, तिला आठवडाभर तुमच्या तालुक्याच्या कोर्टात नुसतं बसू द्या. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, पास लागत नाही. बांधाचे वाद, पोटगी, चेक न वटल्याची प्रकरणं, तारखांवर तारखा. आठवड्यानंतरही तिला तिथं जावंसं वाटलं, तर सीईटीचा फॉर्म भरा. कंटाळली, तर एम.एस्सी.च्या प्रवेशाची मुदत अजून गेलेली नसेल.

आपला,
करिअर समुपदेशक