पहिल्या निक्सी घड्याळासाठी ट्यूब कुठली घ्यायची

निक्सी म्हणजे आत शून्य ते नऊ आकडे पेटणारी काचेची ट्यूब. त्यातल्या मोठ्या, महागड्या आयएन-१८ मॉडेलचे फोटो बघून मोह होतो माहितीये, पण पहिल्याच प्रोजेक्टला एवढे पैसे नको घालूस. जुन्या सोव्हिएत स्टॉकमधली आयएन-१२ घे, तिला खाली कडक पिना असतात त्यामुळे सॉकेटमध्ये बसते आणि उद्या एखादी गेली तर नुसती उपसून बदलता येते. आयएन-१४ उभी दिसते छान, पण तिला लांब लवचिक वायरी असतात आणि बोर्डावर कायमची सोल्डर होते. आयएन-१२ मधला ५ म्हणजे उलटा केलेला २ असतो, ते डिफेक्ट नाही.

विकणाऱ्याकडे नुसता बॉक्सचा फोटो मागू नकोस, शून्य ते नऊ प्रत्येक आकडा पूर्ण पेटलेला दाखव म्हणायचं, कारण वर्षानुवर्षं न पेटलेल्या आकड्याचा अर्धा भाग काळा राहतो. एकदोन जास्तीच्या घेच.

सॉकेट आधी बोर्डाला सोल्डर कर, ट्यूब नंतर. वायरवाली असेल तर काचेच्या अगदी जवळ वायर वाकवायची नाही, सील तडकतं आणि हवा शिरली की ट्यूब संपली.

प्रत्येक ट्यूबला करंट मर्यादित ठेवणारा वेगळा अॅनोड रेझिस्टर (ट्यूबच्या पॉझिटिव्ह टोकाला लावायचा) लागतोच. सप्लाय १८० व्होल्ट, ट्यूबवर साधारण १४० पडतात, उरलेले ४० भागिले २.५ मिलिअँपिअर म्हणजे १६ किलोओहम. आणि प्लीज, सप्लाय बंद केल्यावरही वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर डिस्चार्ज झालाय का मीटरने बघितल्याशिवाय बोर्डाला हात लावू नकोस, १८० व्होल्ट डीसी जोरात बसतो.