त्यांना आमचा पखवाज नकोच होता

"हजारो इंजिनिअर पदरी असलेल्या टेक कंपन्या संगीताचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या दोन-चार माणसांच्या कंपन्या विकत का घेतात? त्यांना स्वतःला बनवता येत नाही का?" असं तुम्ही विचारलंय. अशा एका व्यवहारात विकणाऱ्याच्या बाजूने मी सही केलेली आहे, म्हणून लिहितोय.

बनवता येतं. पण चार वर्षं लागतात, आणि ती चार वर्षं त्यांना एका चेकमध्ये मिळतात. शिवाय त्या चार वर्षांत कुठले सात रस्ते बंद आहेत हे ज्याला कळलंय तो माणूसही मिळतो. बाकी कारणं आहेत, ती पुढे येतील, पण मुळात ते माणूस घेतात. माल सोबत येतो. त्या मालाचं पुढे काय होतं, ते मला सांगायचंय.

आमचं गाव कुडाळजवळ. आमच्याकडे भजन म्हणजे काय हे सिंधुदुर्गातल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की दोन बुवा समोरासमोर बसून रात्रभर डबलबारी करतात आणि त्याला गावंच्या गावं लोटतात. पण पखवाज वाजवणारी पोरं मुंबईला गेली. वाडीतल्या मंडळाला संध्याकाळी सरावाला बसायचं तर पेटी आहे, झांजा आहेत, पखवाज भिंतीला टांगलेला. मोबाईलवर तबल्याची ॲप होती, त्यांत भजनी ठेकाही होता, पण तो आपल्या चालीने सरळ चालत राहायचा. गजराला लय चढत जाते, चढवायची असते. मशीन मागे राहिलं की गाणारा फसतो.

2012 साली मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी हे बनवायला घेतलं. तो रत्नागिरीत इंजिनिअरिंग शिकलेला, कोड त्याचा. ध्वनिमुद्रण माझं, कारण माझं तेच काम होतं. दशावतार, भजन, लग्नातली गाणी, सगळं रेकॉर्ड करून द्यायचो.

पखवाज वाजवायला आमच्या शेजारच्या गावचे एक बुवा तयार झाले. वय तेव्हा एकाहत्तर. त्यांच्या माजघरात चारी भिंतींना गोधड्या लावल्या, पंखा बंद, फ्रीजची पिन काढलेली. रात्री बारानंतर बसायचो, कारण त्याआधी हायवेचे ट्रक थांबत नाहीत. नंतर कोकण रेल्वे. मालगाडी, त्यातही ट्रक लादलेली रोरो गेली की जमीन थरथरते आणि ती थरथर माइकमध्ये पहिली येते. गाडीची चाहूल लागली की बुवा हात मांडीवर ठेवून डोळे मिटून बसायचे.

आणि कणीक. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओल्या कणकेचा गोळा थापतात, त्यानेच तो खोल आवाज येतो. ती कणीक सुकायला लागली की आवाज वर सरकतो. ऐकताना कळत नाही, पण पहिल्या तासातला 'ग' (डाव्या पुडीवरचा बोल) आणि दुसऱ्या तासातला 'ग' शेजारी ठेवले की दोन वेगळे पखवाज वाटतात. म्हणून दर पाऊण तासाने आम्ही थांबायचो, काकी आतून ताजी कणीक मळून आणायच्या, बुवा जुनी खरवडून नवी थापायचे, चार थापा मारून कान लावायचे, बोटाने चिमूटभर काढायचे, पुन्हा थाप. ता, दी, थुं, ना, धा, तिट, कत. प्रत्येक बोल हलका, मध्यम, जोरात, आणि प्रत्येक जोराचे आठ-आठ, कारण तोच ठोका पुन्हा पुन्हा वाजला की कान ओळखतो. असे सतरा दिवस. बुवांनी एक पैसा घेतला नाही. "पोरांका सरावाक उपयोग होतलो मा? मग झाला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या बाजूला मावसभाऊ फोनला झांज ऐकायला शिकवत होता. गाणाऱ्याची लय फोनने माइकवरून ओळखायची आणि ठेका त्यामागे न्यायचा. सांगायला सोपं. झांजेचा आवाज पसरतो, एक ठोका विरायच्या आत दुसरा येतो, त्यात स्पीकरमधून आपलाच पखवाज परत माइकमध्ये शिरतो. अडीच वर्षं गेली त्यात. शेवटी एका सप्त्यात, देवळाच्या मंडपात, गजर दुप्पट लयीत गेला आणि फोन सोबत गेला. पेटीवाल्याने मान वर करून फोनकडे पाहिलं. ते मी विसरणार नाही.

2016 साली एका कंपनीने विचारणा केली. नाव लिहीत नाही, करारात तसं कलम आहे. पणजीच्या एका हॉटेलात त्यांचा माणूस भेटला. चार तास बोलणं झालं, ते सगळं मावसभावाशी. मधे मी लॅपटॉप उघडून बुवांचे बोल ऐकवले. त्याने मिनिटभर ऐकलं, छान आहेत म्हणाला, आणि लगेच विचारलं की झांजेचा ठोका पडल्यापासून तुमच्या कोडला तो कळेपर्यंत किती मिलिसेकंद जातात. तिथे मला समजलं. त्यांच्या कुठल्यातरी उपकरणाला माणसाच्या लयीमागे जायला शिकवायचं होतं. पखवाजाच्या जागी घड्याळाची टिकटिक असती तरी तेवढेच पैसे मिळाले असते.

अकरा महिन्यांनी ॲप बंद. मावसभाऊ बंगळुरूला. फोन नवीन झाले, अपडेट आले, जुन्या फोनवर होतं तेही उघडेनासं झालं. माझ्याकडे मंडळांचे फोन यायचे, गणपतीच्या तोंडावर जास्त. बुवांनी एकदा विचारलं, "माझो पखवाज आता खंय वाजता रे?" मला उत्तर देता आलं नाही. 2019 साली बुवा गेले.

आता तुमच्या प्रश्नाची उरलेली बाजू. या धंद्यातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ॲपलचं आहे. जुलै 2002 मध्ये त्यांनी जर्मनीतली इमॅजिक घेतली, हॅम्बर्गजवळची छोटी कंपनी. तिचं लॉजिक नावाचं संगीत रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर तेव्हा दोन लाखांवर संगीतकार वापरत होते. घेतल्याबरोबर ॲपलने जाहीर केलं की विंडोजवरचं लॉजिक 30 सप्टेंबरला बंद. इमॅजिकची जवळपास पस्तीस टक्के कमाई मॅकच्या बाहेरची होती. ज्याला सॉफ्टवेअर विकून पैसे कमवायचे असतात तो पहिल्याच दिवशी दुकानाचा तिसरा हिस्सा बंद करतो का? त्यांना मॅक विकायचे होते. लॉजिक हवं तर मॅक घ्या. पुढे जानेवारी 2004 मध्ये गराजबँड हे ॲपलचं संगीताचं सोपं सॉफ्टवेअर आलं, नव्या मॅकसोबत फुकट, आणि ते बनवण्यात पुढे होते इमॅजिकचेच गेरहार्ड लेंगेलिंग. घेतलेला माणूस असा कामी येतो. 2015 साली कॅमल ऑडिओ या संगीत-सॉफ्टवेअरच्या छोट्या कंपनीचं तसंच झालं. दुकान जानेवारीत बंद, आणि त्याच वर्षी त्यांचा अल्केमी सिंथेसायझर लॉजिकच्या पोटात. विंडोजवर अल्केमी वाजवणारे राहिले तिथेच.

सगळेच असं विचार करून घेतात असंही नाही. गिबसन, गिटार बनवणारी, तिने 1998 मध्ये ओपकोड ही संगीत-सॉफ्टवेअरची कंपनी घेतली आणि पुढच्याच वर्षी तिचं काम थांबलं. 2013 मध्ये केकवॉक ही तशीच दुसरी कंपनी घेतली, 2017 च्या नोव्हेंबरात तीही थांबवली. यात मला कुठलं धोरण दिसत नाही. हातात पैसे होते, घेतलं, सांभाळता आलं नाही. केकवॉकचं नशीब की 2018 मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ती उचलली आणि फुकट दिली.

पण मला सांगायचंय ते सिबेलियसबद्दल. स्वरलिपी लिहायचं हे ब्रिटिश सॉफ्टवेअर 2006 मध्ये ॲव्हिडने घेतलं आणि 2012 मध्ये लंडनमधली ते बनवणारी मंडळी घरी पाठवली. त्यातल्या बऱ्याच जणांना यामाहाच्या मालकीच्या स्टाइनबर्गने एकत्र कामावर घेतलं. जुन्या कोडची एक ओळ न घेता त्यांनी कोऱ्या पाटीवर सुरुवात केली, आणि 2016 मध्ये डोरिको हे स्वरलिपीचं नवं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. हे मी मावसभावाला कितीदा सांगितलं असेल. डोक्यातलं परत लिहिता येतं. कोड विकला तरी तो तुझ्या डोक्यात होताच. बुवांचा हात कोणाच्या डोक्यात आहे?

कारण आमचं भांडण तेच आहे. करारनाम्याला परिशिष्ट होतं, काय काय विकलं त्याची यादी. चौदाव्या ओळीत "सर्व ध्वनिमुद्रणे". सही करायच्या आदल्या रात्री मी त्याला म्हटलं, ही ओळ काढायला सांग. त्यांना नकोयत ती, ते हरकत घेणार नाहीत. तो म्हणाला, "दादा, आता काही काढायला लावलं तर वकील परत पहिल्यापासून सुरू करतील. नंतर बोलू." नंतर बोलायला कोण होतं? बुवांचे ते सतरा दिवस आज कायद्याने एका अशा कंपनीचे आहेत जिला ते आपल्याकडे आहेत हेही आठवत नसणार. माझ्या कपाटात हार्ड डिस्क आहे. खाऱ्या हवेत खराब होऊ नये म्हणून दर पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात ठेवतो. त्यातले बोल मी एकटा ऐकू शकतो, कोणाला देऊ शकत नाही.

मावसभाऊ म्हणतो, कोड नसता तर त्या रेकॉर्डिंगला कोणी विचारलं नसतं. मला ते मान्य नाही. वाडीवरच्या पोरांना साध्या ठेक्याच्या फाइलीसुद्धा पुरल्या असत्या. लय चढती नसती, पण बुवांचा पखवाज वाजला असता.

तर तुम्ही स्वतः असं काही बनवत असाल (प्रश्नावरून वाटलं तसं), तर रकमेवर घासाघीस करण्यात सगळी ताकद घालवू नका. परिशिष्ट आधी मागवा. त्यातली प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचा आणि विचारा, हे तुम्हाला कशाला हवंय? ज्याचं उत्तर येत नाही ते बाहेर काढा. दुसऱ्याच्या हाताचं, गळ्याचं काही असेल तर त्याचा कागद आधीच वेगळा करा, त्या माणसाच्या नावावर. आणि एक कलम घाला की अमुक वर्षं वापरलं नाही तर ते मूळ माणसाकडे परत येईल. मागितल्यावर मिळेलच असं नाही, पण आम्ही मागितलंच नाही.

विकूच नका असं मात्र मी म्हणत नाही. ॲपलकडे गेल्यावर लॉजिक स्वस्त झालं. 999 डॉलरचं 2007 मध्ये 499 ला आणि 2011 मध्ये 199 च्या घरात आलं, म्हणून तर माझ्यासारख्याला घेता आलं. मी आजही त्यावरच काम करतो. आमच्या पैशातून मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, माझ्या घरावर स्लॅब पडला. मावसभावाला त्याच्या लायकीचं काम मिळालं, इथे राहून ते मिळालं नसतं. हे सगळं खरं आहे आणि ते मी त्यालाही सांगितलंय.

2023 मध्ये स्पॉटिफायने साउंडट्रॅप ही संगीत-सॉफ्टवेअर बनवणारी स्वीडनची कंपनी, 2017 मध्ये विकत घेतलेली, तिच्या मूळ संस्थापकांना परत विकली. ती बातमी मी त्याच दिवशी त्याला पाठवली होती. त्याने अंगठा पाठवला.

तो अजून त्याच कंपनीत आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुडाळला उतरेल, दीड दिवस राहील. करार मोडायला मी सांगत नाहीये. ते रेकॉर्डिंग आता कुठल्या विभागाच्या ताब्यात आहे आणि परत मागायचं तर पत्र कोणाच्या नावाने लिहायचं, एवढं त्याने येताना विचारून यावं. पत्र मी लिहीन. बुवांचा नातू आता पखवाज शिकतोय, त्याची सहीही घेईन.