‘घाबरणे’ आणि ‘घाबरवणे’ यांसाठी इंग्रजीत नेमका कोणता शब्द वापरावा?

आपल्या मुलीच्या वहीत ‘द अफ्रेड बॉय’ खोडून शिक्षकांनी ‘द फ्रायटन्ड बॉय’ केले, आणि दोन्हींचा अर्थ ‘घाबरलेला’ असताना असे का, हा आपला पहिला प्रश्न. ‘मुख्याध्यापिकांचा मुलांना धाक आहे’ हे इंग्रजीत कसे सांगावे, हा दुसरा. शिक्षकांनी केलेली दुरुस्ती बरोबर आहे. हे शब्द भीतीच्या चढत्या पायऱ्या म्हणून पाठ करून घेतले जातात, परंतु अनेक वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यावर माझे मत असे झाले आहे की चुका पायरी चुकल्याने फारशा होत नाहीत. शब्दाची वाक्यातली जागा आणि त्याच्या सोबतचे अव्यय ठाऊक नसल्याने होतात.

‘अफ्रेड’ हा शब्द ‘इज’, ‘वॉज’, ‘फील’ अशा क्रियापदांनंतर येतो आणि नामाच्या आधी बसत नाही; ‘अस्लीप’ आणि ‘अलाइव्ह’ यांचेही तसेच आहे. ‘द बॉय वॉज अफ्रेड’ चालते. नामाआधी विशेषण हवे असेल तर ‘फ्रायटन्ड’, ‘स्केअर्ड’ किंवा ‘टेरिफाइड’ घ्यावे. ‘अफ्रेड’नंतर ‘ऑफ’ येते, आणि आपल्याला हे सोपे जावे, कारण ‘कुत्र्याची भीती’ म्हणताना आपणही षष्ठीच वापरतो. तरीही ‘अफ्रेड फ्रॉम डॉग्ज’ हे मी असंख्य वेळा खोडले आहे. ‘अफ्रेड फॉर हर सन’ म्हणजे मुलाला भिणे नव्हे, तर मुलाचे काही बरेवाईट होईल या काळजीने जीव टांगणीला लागणे.

‘शी वॉज अफ्रेड टू जंप’ आणि ‘शी वॉज अफ्रेड ऑफ फॉलिंग’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. उडी मारणे तिच्या हातात होते आणि भीतीमुळे तिने ती मारली नाही, म्हणून तिथे ‘टू’ आहे. पडणे तिच्या हातात नव्हते, ते आपोआप घडेल अशी भीती होती, म्हणून तिथे ‘ऑफ’ आहे. पत्रात येणारे ‘आय अ‍ॅम अफ्रेड वुई कॅनॉट कम’ हे मात्र भीतीचे वाक्य नाही. नकार सौम्य करून सांगण्याची ती रीत आहे आणि तिथे मराठीत ‘क्षमस्व’ किंवा ‘खेद वाटतो’ असेच म्हणावे.

‘स्केअर्ड’ बोलण्यातला शब्द आहे. ‘मला भीती वाटते’ यासाठी ‘आय अ‍ॅम स्केअरी’ लिहिणाऱ्या मुलांना मी लगेच थांबवतो, कारण त्याचा अर्थ ‘मी भीतिदायक आहे’ असा होतो. ‘फिअर’ हे क्रियापद औपचारिक आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 4 मार्च 1933 रोजी पदग्रहणाच्या भाषणात, भ्यायचेच असेल तर ते केवळ भीतीला, या आशयाच्या वाक्यात ते वापरले आणि तिथे ते शोभले. घरातल्या मुलाला धीर देताना मात्र ‘डोन्ट फिअर’ नको, ‘डोन्ट बी अफ्रेड’ किंवा ‘डोन्ट बी स्केअर्ड’ म्हणावे. पुढे येणाऱ्या गोष्टीची धास्ती असेल तर ‘ड्रेड’. जमावाची गाळण उडाली तर ‘पॅनिक’, आणि हा शब्द कळपांत अचानक घबराट पसरवणाऱ्या पॅन या ग्रीक देवाच्या नावावरून आला आहे.

घाबरवण्याच्या क्रियापदांत कर्त्याचा हेतू पाहावा लागतो. अचानक दचकवले तर ‘स्टार्टल’, पाखरांना हुसकावले तर ‘स्केअर अवे’ (आपले बुजगावणे म्हणजे ‘स्केअरक्रो’), आणि नुकसान करण्याची धमकी दिली तर ‘थ्रेटन’. ‘इंटिमिडेट’ म्हणजे धाक दाखवून एखाद्याला दबवणे. भारतीय दंड संहितेच्या कलम 503 मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये ‘क्रिमिनल इंटिमिडेशन’ या गुन्ह्याची व्याख्या आहे: शरीराला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी, आणि त्यामागे समोरच्याच्या मनात घबराट निर्माण करण्याचा किंवा त्याला नको ते करायला लावण्याचा उद्देश.

‘इंटिमिडेटिंग’ हे विशेषण मात्र हेतूशिवायही लागू होते. मुख्याध्यापिका ओसरीवरून नुसत्या चालत गेल्या आणि वर्ग चिडीचूप झाला, तर त्यांनी कोणालाही धमकावलेले नसते, तरी मुलांना त्या ‘इंटिमिडेटिंग’ वाटू शकतात. या शब्दात आदर येतोच असे नाही, दडपण मात्र येते. आपल्याला सांगायचा आहे तो धाक दराऱ्याच्या जवळचा असेल, म्हणजे मुले भितात आणि मनापासून मानतातही, तर ‘द स्टुडन्ट्स आर इन ऑ ऑफ हर’ असे लिहावे. मुले केवळ शिक्षेला भिऊन गप्प बसत असतील, तर ‘द स्टुडन्ट्स आर अफ्रेड ऑफ हर’ हेच खरे वाक्य होईल.